‘आणि पावसात काय करता?’ : जुन्या धनुर्धरांना विचारायचे प्रश्न

पारंपरिक धनुर्विद्येतलं कुणी जुनं जाणतं माणूस समोर आलं की नवखा तिरंदाज हमखास विचारतो, ‘सगळ्यांत चांगलं धनुष्य कुठलं?’ उत्तरात त्यांच्या खुंटीवर टांगलेल्या धनुष्याचं कौतुक ऐकायला मिळतं आणि तुम्ही होतात तिथंच राहता. त्यापेक्षा ‘तुमचं शेवटचं धनुष्य कुठं मोडलं आणि का?’ असं विचारा. ज्यानं शंभर धनुष्यं केली त्याची वीस तरी मोडलेली असतात. शिकायचं असतं ते त्या विसांकडून. गोव्यातल्या माणसानं याला आणखी एक प्रश्न जोडावा, तो शीर्षकात दिलाच आहे.

अमेरिकेतल्या ज्या मंडळींनी विसाव्या शतकात हा छंद पुन्हा उभा केला ती आता हयात नाहीत. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला ईशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला एकटाच लोकांसमोर आला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य-बाण शिकले. १९१६ मध्ये ईशी क्षयानं गेला. पोप आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यांच्या नावानं १९६१ मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांनी धनुष्यानं शिकार करणाऱ्यांची संघटना काढली. लाँगबोवाले, म्हणजे लांब साध्या धनुष्याचे, हावर्ड हिल आणि १९३३ मध्ये डेट्रॉइटला धनुष्यांचा कारखाना सुरू करणारे फ्रेड बेअर ही पुढची पिढी. या सगळ्यांना प्रश्न विचारायचे ते त्यांच्या मागे राहिलेल्या धनुष्यांना, चित्रफितींना आणि लिहून ठेवलेल्या मापांना. हयात जाणकार हवे असतील तर नंदुरबारकडे भिल्ल कारागीर आहेत. आणि आपल्या गोव्यातल्या सत्तरी-सांग्यात सुपं-टोपल्या विणणारे, नांगराचे दांडे घडवणारे, होड्या दुरुस्त करणारे आहेत. ते स्वतःला धनुर्धर म्हणवत नाहीत, पण कुठला बांबू कधी तोडला तर किडत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

उत्तर ऐकताना एक भान ठेवायचं. ते उत्तर सांगणाऱ्याच्या हवेतलं असतं. पोप यांचं यू लाकूड, अमेरिकेच्या मधल्या भागातलं ओसेज, ईशीचं जुनिपर ही सगळी तिकडच्या हवेतली झाडं. तिकडचा कारागीर ‘लाकूड वाळलं’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ८ ते १० टक्के ओलावा असतो. आपल्याकडे जुलैत हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या हवेत उघडं ठेवलेलं लाकूड हळूहळू २० टक्क्यांपर्यंत ओल धरतं. मग कितीही दिवस ठेवा, ते तिथंच थांबतं. अशा लाकडाचं धनुष्य सहसा मोडत नाही, ते वाकून बसतं. दोरी उतरवली तरी बाहू, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, पूर्ववत सरळ होत नाहीत आणि बाणाला जोर राहत नाही. लोक दोष लाकडाला देतात. चूक पंचांगातली असते.

म्हणून जाणत्याला ‘किती महिने वाळवता?’ असं विचारू नका. ‘वाळलं हे कशावरून ओळखता?’ असं विचारा. कुणी वाजवून पाहतो, कुणी गालाला लावून पाहतो. आपल्यापाशी मीटर नसेल तर त्याच लाकडाचा एक छोटा तुकडा घ्या आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. आधीचं वजन २४ ग्रॅम आणि शेवटचं २० आलं तर फरक ४, म्हणजे ओलावा २० टक्के. भागाकार कोरड्या वजनानं करायचा, इथं बरेच जण चुकतात. फेब्रुवारी ते एप्रिल हे आपले कामाचे महिने. या दिवसांत घरात ठेवलेलं लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास उतरतं. त्याहून खाली आणायचं तर चुलीवरचा माळा आहेच. तिथल्या धुरानं कीडही लांब राहते. पण बांबू थेट आगीजवळ नेला तर पेरांजवळ उभ्या चिरा जातात.

बांबूबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ आहे, आणि इथं आपण अमेरिकेपुढे हात पसरायची गरज नाही. हावर्ड हिल यांच्या लाँगबोमध्ये बांबूच्याच पट्ट्या असत. प्रश्न असे विचारावेत: किती वर्षांची काठी? कुठल्या महिन्यात तोडली? बुंध्यापासून कितव्या पेरापासूनचा भाग घेतला? उत्तरं साधारण जुळतात. काठी निदान ३ ते ४ वर्षांची हवी. कोवळी काठी वाळताना आकसते आणि सुरकुतते. तोडायची पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत. पावसाळ्यात बेटात नवे कोंब फुटत असतात, शिवाय तेव्हा तोडलेल्या काठीला भुंगा हटकून लागतो, कारण तिच्यात पिठूळ अंश जास्त असतो. वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवली तर तो अंश बराच धुऊन जातो. अमावास्येला तोडावी असंही सांगतात. तोडणाऱ्याचा मान राखून ऐकावं, पण महिना चुकला तर तिथी वाचवत नाही.

गोव्यात मिळणारा माणगा जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. काठी उभी दुभागली की पाठीला गोलाई असलेली जाड पट्टी मिळते आणि त्यातून हलकं धनुष्य सरळ निघतं. कळक पोकळ असला तरी भिंत जाड असते. रुंद, सपाट बाहूंसाठी तो बरा. माणगा असो की कळक, बांबूची बाहेरची बाजू धनुष्याच्या पाठीला, म्हणजे तिरंदाजापासून दूर राहिली पाहिजे. ताण सोसणारे तंतू तिथं दाट असतात. वरचा मेणचट थर हलका खरवडायला हरकत नाही, पण पेराचा उंचवटा रंध्यानं सपाट करायचा मोह झाला की धनुष्य तिथंच तुटणार. तासायचं ते पोटाच्या, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूनं.

लाकडात धामण विसरू नका. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हणतात आणि नाव उगाच पडलेलं नाही. लवचीक आणि चिवट असल्यानं अवजारांच्या दांड्यांना ती पूर्वीपासून वापरात आहे. मात्र गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. वादळात पडलेलं झाड किंवा वखारीतला तुकडा पाहावा. जंगलाबाहेर लावलेल्या बांबूचं तसं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. कौटिल्यानं धनुष्याच्या साहित्यात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार नावं दिली आहेत. शिंग सोडलं तर बाकी तिन्ही आपल्या भाटात, म्हणजे बागायतीत उभी असतात.

आता टिलर, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकतील असं तासत जाणं. इथं जाणत्याला ‘कसं करता?’ असं विचारून भागत नाही. त्याच्यासमोर अर्धवट धनुष्य धरा आणि म्हणा, ‘काका, यातला ताठ भाग कुठला ते बोटानं दाखवा.’ जे बोट ठेवून कळतं ते दोन तास बोलून कळत नाही. २८ इंच खेचणाऱ्यासाठी ताठ मुठीचं लाकडी धनुष्य ६६ ते ६८ इंच लांब धरतात. त्यात मूठ आणि तिच्या दोन्हीकडचा उतार मिळून ८ इंच जवळजवळ वाकतच नाहीत. कानशीनं थोडं काढायचं, मग वीस-तीस वेळा थोडं थोडं खेचायचं, मगच पुन्हा पाहायचं. लाकडाला बदल कळायला तेवढा वेळ लागतो. ४० पाऊंडांचं, म्हणजे पूर्ण खेचायला तेवढा जोर लागणारं धनुष्य करायचं असेल (या जोरालाच धनुष्याचं वजन म्हणतात) तर तासताना कधीही ४० च्या वर खेचायचं नाही, मग ते दहाच इंच आलेलं का असेना. मोजायला सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो: १८ किलो म्हणजे सुमारे ४० पाऊंड. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली असं धरणाऱ्यासाठी खालचा बाहू किंचित ताठ ठेवतात. म्हणजे दोरीपासून बाहूच्या मुळापर्यंतचं अंतर वरच्या बाजूला ३ ते ६ मिलिमीटर जास्त. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या लागतात. हा फरक न विचारता दुसऱ्याचं माप उचललं की बाण वर-खाली डुलत जातो आणि माणूस नेम सुधारत बसतो.

ईशीला मात्र एकच प्रश्न विचारावासा वाटतो. त्याचं धनुष्य आखूड होतं आणि पाठीवर स्नायुतंतूंचा थर सरसानं चिकटवलेला होता. सरस हवेतली ओल शोषतो. मुरगावच्या किनाऱ्यावर जूनमध्ये ते किती दिवस टिकलं असतं? पाठीला तंतू लावायचेच असतील तर आपल्याकडे ताग किंवा कापड आधुनिक गोंदानं लावावं. फ्रेड बेअर यांच्या पिढीनं फायबरग्लासचे थर आणून ओलीचा प्रश्न बराचसा मिटवला. पण तिथं दुसरी खोड आहे. घरगुती तापमानाला घट्ट होणारे बरेच इपॉक्सी गोंद ५०-६० अंशांना मऊ पडू लागतात आणि मे महिन्यात पणजीत उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. दोरी चढवलेलं धनुष्य डिकीत विसरलं तर थर सुटलाच समजा.

वरच्या लेपाबद्दल विचारलं की प्रत्येकाचं वेगळं रसायन निघतं. लाखेचं पॉलिश पावसात पांढुरकं पडतं. पॉलियुरेथेनचे चार-पाच पातळ हात बरे. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, ते चालतं, पण हातमोजे घाला, कातडीला फोड येतात. कुठलाही लेप ओल थांबवत नाही, फक्त लांबवतो. म्हणून पावसाळ्यात दोरी उतरवून धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं टांगायचं. कोपऱ्यात उभं टेकवलं तर खालच्या टोकातून ओल चढते आणि बाहू पीळ घेतो.

बाणांविषयी विचारायला बसलं तर संध्याकाळ पुरत नाही, आणि ती तिथंच घालवावी. धनुष्य सामान्य असलं तरी जुळलेले बाण नीट जातात. उलट मात्र होत नाही. पहिला प्रश्न स्पाइनचा, म्हणजे काठीच्या ताठपणाचा. दोरी सोडल्यावर बाण सरळ न जाता धनुष्याच्या मुठीला वळसा घालून जातो. तो किती वाकतो यावर नेम अवलंबून. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि इतर अभियंत्यांनी हे वेगवान छायाचित्रणानं तपासलं, तोवर कारागीर ते बोटांनी जोखत होते. घरी मोजायची सोपी रीत: ६६ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे, त्यांवर काठी, मधोमध ९०७ ग्रॅम वजन. काठी किती मिलिमीटर वाकली ते पाहा आणि ६६० ला त्या आकड्यानं भागा. १६.५ मिलिमीटर वाकली तर ४० पाऊंड, १३.२ वाकली तर ५०. मध्यापर्यंत खाच नसलेल्या साध्या लाकडी धनुष्याला त्याच्या वजनापेक्षा ५ ते १० पाऊंड मऊ काठी लागते, कारण तिला जास्त मोठा वळसा घालायचा असतो. दुकानातल्या तक्त्यावर विसंबून ताठ बाण घेतले की ते उजव्या हाताच्या तिरंदाजाचे सारखे डावीकडे जातात.

खात्री करायची तर दहा-पंधरा मीटरवरून एक बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांबरोबर सोडून पाहा. उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसांचा बाण उजवीकडे लागला तर काठी मऊ आहे. ती थोडी आखूड करा किंवा टोक हलकं घ्या. डावीकडे लागला तर ताठ, टोक जड करा. खाली किंवा वर लागला तर दोष दोरीवरच्या खुणेचा, म्हणजे बाणाची खाच जिथं बसवायची त्या जागेचा. पिसांचा बाण मुठीवरून सोडताना ही खूण बाण दोरीशी काटकोन करेल त्या जागेच्या सुमारे १२ मिलिमीटर वर ठेवून सुरुवात करतात. आधी वर-खालीचं निस्तरा, मग डावं-उजवं. उलट क्रमानं गेलात तर दोन्ही बिघडतात.

वजनाचा जुना हिशोब दर पाऊंडाला १० ग्रेन असा आहे. ४० पाऊंडांना ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम. यापेक्षा फार हलका बाण म्हणजे रिकाम्या दोरीचा झटका धनुष्याला देण्यासारखं. बाण न लावता दोरी तर कधीच सोडू नये. पाहुण्यांच्या हातात धनुष्य दिलं की पहिली गोष्ट ते हीच करतात, म्हणून देतानाच सांगावं.

बारीक बांबूच्या काठ्यांचे बाण करताना जाड टोक पुढे घ्यायचं आणि दोरीची खाच अशी कापायची की तिच्या लगेच पुढे पेर येईल. पेर नसेल तर दोरीच्या धक्क्यानं काठी उभी चिरते. त्यावर पुन्हा दोऱ्याचं बांधकाम हवंच. काठी सरळ करायची निखाऱ्यावर तापवून, उलट दिशेनं थोडं जास्त वाकवून, आणि पूर्ण थंड होईपर्यंत तशीच धरून. लवकर सोडली की उद्या पुन्हा वाकडी. पावसाळ्यात नाही म्हटलं तरी थोडी वाकतेच, तेव्हा दर महिन्याला काचेवर फिरवून पाहावी. तीन पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या-उजव्या पंखांची मिसळली तर बाण फिरायचं की नाही ठरवू शकत नाही. पिसाच्या पुढच्या टोकावर गोंदाचा थेंब द्या, नाहीतर ते हात कापतं. प्लॅस्टिकची पिसं भिजत नाहीत हे खरं, पण मुठीवरून सोडताना ती अडतात आणि बाण भरकटतो. त्यांना उंच आधार लागतो.

दोरीत आपल्या परंपरेपाशी थांबण्यासारखं काही आहे. कौटिल्याच्या यादीत रुई, ताग, बांबू आणि स्नायू ही नावं आहेत. भिल्लांच्या धनुष्याला आजही बांबूच्या कामटीची दोरी दिसते. त्यांना विचारावं: कामटी किती जाड? टोकाला बांधण्यापूर्वी भिजवता का? कुठं तुटते, मध्ये की गाठीशी? रुई रस्त्याकडेला फुकट मिळते. फांद्या दोन दिवस उन्हात सुकवून साल सोलायची आणि तंतू काढायचे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. धागे किती लागतील याचा हिशोब असा: दोरीनं धनुष्याच्या वजनाच्या चौपट ताण सोसला पाहिजे. ४५ पाऊंडांना १८०, म्हणजे सुमारे ८२ किलो. एका धाग्याला पिशवी बांधून तीत वजन भरत जा. ६ किलोला तुटला तर १४ धागे. विकतची डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी असेल तर एवढ्याच धनुष्याला १२ ते १४ धागे. जुन्या लाकडी धनुष्याला न ताणणारी आधुनिक दोरी लावू नये, टोकं फुटतात.

नेम धरण्यावर मात्र कुणाला फार विचारू नये. हावर्ड हिल दोन ठिकाणी एकाच वेळी लक्ष ठेवत, ईशी बसून आणि अंगठ्यानं खेचत असे, दुसरा कुणी म्हणेल ‘फक्त बघतो आणि सोडतो.’ सगळं खरं असतं आणि तुमच्या उपयोगाचं नसतं. त्याऐवजी विचारा, ‘सुरुवातीला किती पाऊंडांचं धरलं होतंत?’ २५-३० पाऊंडांहून जडानं सुरुवात करणारे हात थरथरायची सवय लावून घेतात, आणि ती सवय सुटत नाही.

शिकारीबद्दलचे प्रश्न टाळायचे नाहीत, पण वेगळे विचारायचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत मारण्याबरोबर जखमी करणं, हाकारणं, आमिष लावणं आणि नुसता प्रयत्नही येतो. ‘शस्त्र’ या शब्दात धनुष्य-बाण नावानिशी आहेत आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, बोंडला इथं भटकायला निघताना धनुष्य घरी ठेवायचं, दोरी उतरवलेलंसुद्धा. रानडुकरानं शेत उकरलं म्हणून बाण सोडणं हाही गुन्हाच. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो.

तरीही जुन्या शिकाऱ्यांना एक गोष्ट जरूर विचारावी: ‘किती वेळा बाण सोडलाच नाही?’ बाण धक्क्यानं मारत नाही, रक्त जाऊन जनावर पडतं. म्हणून अंतर, कोन आणि मधल्या फांद्या यांचा हिशोब चुकला की जखमी जनावर रानात हाल होऊन मरतं. त्यामुळे जाणते बाण रोखून धरायचे आणि वीस-पंचवीस यार्डांच्या आत जायचा धीर ठेवायचे. पावलं कशी टाकत, वारा कसा पाहत, अंतर कशावरून ओळखत, या प्रश्नांची उत्तरं पुठ्ठ्याच्या डुकरावरही तेवढीच लागू पडतात.

अशा अंदाजी अंतराच्या सरावाला सडा, म्हणजे जांभ्याचं माळरान, नको. जांभ्यावर आपटलेला बाण एकतर मोडतो किंवा उसळून भलतीकडे जातो. कार्बनचा असेल तर प्रत्येक आपटण्यानंतर दोन्ही हातांनी वाकवून कानाशी धरा. चरचर ऐकू आली तर फेका, पुढच्या वेळी तो हातात फुटेल. लक्ष्याच्या मागे चिऱ्यांचा गडगा असेल तरी तेच. वायंगण (पावसाळ्यानंतरचं भातपीक) नसलेला मळा आणि मागे मातीची उंच मेर (बांध) ही खरी जागा. लक्ष्याला भाताचा पेंढा घट्ट दाबून बांधलेला, निदान दीड फूट जाड. सैल बांधला तर बाण आरपार जातो आणि पिसं आत अडकून सोलली जातात. बाण ओढताना एक तळवा पेंढ्यावर टेकवायचा, दुसऱ्या हातानं काठी लक्ष्याजवळ धरायची आणि मागे कुणी उभं नाही ना ते पाहायचं. पहिला पाऊस पडला की पेंढा आतून कुजायला लागतो, तेव्हा तो जूनआधी सोडून गुरांना घाला. त्याआधी आत राहिलेली टोकं मात्र चुंबक फिरवून काढा.